साचेखात्याचे कान

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी धुळ्याजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत कामगार कल्याण अधिकारी होतो. पाचोऱ्याहून मराठीत एम.ए. होऊन आलेल्या माणसाने कामगारांचं काय कल्याण करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दारावर पाटी होती, तिच्यावर ‘कल्याण’ हा शब्द होता, आणि तो वाचून लोक सायकल स्टँडच्या पत्र्यापासून कँटीनच्या पातळ वरणापर्यंत सगळ्या तक्रारी माझ्याकडे आणत.

गिरणीत सर्वांत मोठा आवाज साचेखात्याचा. साचा म्हणजे सूत कातण्याचं लांबलचक यंत्र. एकेका साच्यावर शेकडो चात्या एकदम गरगरतात, आणि असे साचे एकाला एक लागून उभे. दार उघडून आत गेलं की आवाज कानांत शिरत नसे, तो थेट दातांत शिरे. तिथे तोंडाने बोलणं हा वेडेपणा होता. म्हणून साचेखातं हातांनी बोलायचं. ओठांशी चिमूट नेली की चहा. मिशीला पीळ दिला की मॅनेजर येत आहेत. पोटावरून गोल हात फिरला की खुद्द चेअरमनसाहेब. आणि अंगठ्याजवळचं बोट वर केलं की ‘समजलं’.

या भाषेतले सर्वांत मोठे वक्ते म्हणजे नाना. साच्यावर तुटलेलं सूत सांधणारे जुने कामगार. ते एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला आख्खा किस्सा सांगत, आणि मधल्या सगळ्या साच्यांवरचे लोक काम करता करता पोट धरून हसत. खात्याबाहेर मात्र नानांशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागे. पाठीमागून कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत आला तरी ते शांतपणे रस्त्याच्या मध्यातून चालत असत.

एकदा कारखाना निरीक्षक आले आणि जाताना साचेखात्यातल्या आवाजाबद्दल शेरा लिहून गेले. आमच्या चेअरमनसाहेबांना शेरा म्हणजे कार्यक्रमाचं निमित्त वाटे. थोड्याच दिवसांत गेटवर कापडी फलक झळकला: ‘ध्वनिनियंत्रण व कर्णसंरक्षण सप्ताह’. मांडव पडला. त्याच्या चारी कोपऱ्यांना कर्णे बांधले गेले. सकाळपासून ते देशभक्तीची गाणी अशा जोराने ओकत होते, की साचेखात्यातून बाहेर आलेले लोक पुन्हा आत जाऊन बसले.

चेअरमनसाहेबांनी पहिला ‘कर्णरक्षक’ एका कामगाराच्या डोक्यावर चढवला. कर्णरक्षक म्हणजे पिवळ्या पट्टीला जोडलेल्या, स्पंज लावलेल्या दोन वाट्या. मग ते माइकसमोर आले. “आवाज हा कामगाराचा शत्रू आहे,” ते म्हणाले, आणि कर्ण्याने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारून दुजोरा दिला. “वर्षभराने आपण सगळ्यांचे कान तपासू. ज्याचे कान बिघडलेले निघतील त्याला मी एक दिवसही साचेखात्यात ठेवणार नाही. हा माझा शब्द आहे!”

कचेरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साचेखात्याचे लोक टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचे हात दुसऱ्या कामात होते. ते एकमेकांशी बोलत होते.

त्यांना काय आठवलं असेल ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी गिरणीच्या ड्रायव्हर लोकांसाठी मोफत नेत्रशिबिर भरवलं होतं. ज्यांची नजर अधू निघाली त्यांना चष्मे मोफत मिळाले, आणि चष्म्यापाठोपाठ घरी बसण्याची कायमची सवलतही.

कर्णरक्षकांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. धुळ्याच्या एप्रिलमध्ये कानांवर स्पंजाच्या वाट्या लावून कोणी आठ तास उभं राहून दाखवावं. घामाला उडता कापूस चिकटतो आणि कानाला मिशा फुटल्यासारख्या दिसतात. काही दिवस लोकांनी ते गळ्यात घातले, मग खुंटीला टांगले. खंडेनवमीला साच्यांबरोबर त्यांचीही पूजा झाली, हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली गेली. आता पुजलेली वस्तू घामट कानाला कशी लावायची, असा नवा प्रश्न उभा राहिला, आणि तो कोणाला सोडवायचा नव्हता.

वर्ष संपत आलं तेव्हा उपक्रमाचं मूल्यमापन करायचं ठरलं. त्यासाठी समिती नेमली गेली. समितीत संचालक पुष्कळ होते, त्यामुळे काम करायला मी एकटाच उरलो. आमचे इंजिनिअर भला माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे बघा, अर्धा आवाज झिजलेल्या बेअरिंगांचा आहे. मी बदलायचा प्रस्ताव दिलाय. कान खराब निघाले तरच तो मंजूर होईल. कान चांगले निघाले तर म्हणतील, बेअरिंगं कशाला, वाट्या पुरे.”

कान तपासायला नाशिकहून एक तरुण तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला. शांत जागा हवी, असं त्याने आधीच कळवलं होतं. गिरणीतली सर्वांत शांत जागा म्हणजे संचालक मंडळाची खोली, कारण तिचा दरवाजा जाड होता आणि तिथे कधी मतभेद होत नसत. यंत्राची वायर आखूड निघाली आणि विजेची खोबण चेअरमनसाहेबांच्या टेबलाखाली होती. म्हणून यंत्र टेबलावर, तंत्रज्ञ टेबलामागे आणि तपासायचा माणूस त्याच्या समोरच्या खुर्चीवर, अशी बैठक जमली. माणसाच्या कानांवर हेडफोन लावायचा, तंत्रज्ञ बटन दाबून बारीक शिट्टी सोडणार, ऐकू आली की बोट वर करायचं. शिट्टी हळूहळू बारीक होत जाणार.

साचेखातं एकेक करून आलं आणि एकेक करून उत्तीर्ण झालं. संध्याकाळपर्यंत तंत्रज्ञ गहिवरून गेला होता. “असे कान मी कुठेच पाहिले नाहीत, साहेब,” तो म्हणाला. “तुमच्या खान्देशच्या वांग्याच्या भरतात काही असतं का हो?”

“मिरची असते,” मी म्हणालो. तेवढ्यात नाना आले. मला वाटलं, आता तरी यंत्र खरं बोलेल. नाना खुर्चीवर ताठ बसले, नजर समोर. शिट्टी सुटली, बोट वर. आणखी बारीक सुटली, बोट वर. शेवटी तंत्रज्ञाने एवढी बारीक शिट्टी सोडली की, त्याच्याच शब्दांत, ती कुत्र्यालाही जेमतेम ऐकू यावी. नानांचं बोट वर.

मी त्यांना कँटीनमध्ये गाठलं. समोर बसलो, तोंड त्यांच्याकडे केलं आणि विचारलं, “नाना, खरं सांगा. ती शिट्टी ऐकू येत होती?”

“कसानी शिट्टी?” नानांनी बशीत चहा ओतला. “तो पोऱ्या बटन दाबस, तवय त्याना खांदा हालस. खांदा हालना, का बोट वर.”

“हे सगळ्यांना माहीत आहे?”

“बठ्ठासले. पहिला गडी बाहेर उना आणि दारमाच खूण करी दिनी.” नानांनी खांदा किंचित उडवून दाखवला.

आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांकडे आणि खांद्यांकडे बघून ऐकणाऱ्या माणसांना आम्ही समोरासमोर बसवून त्यांची श्रवणशक्ती तपासत होतो. अभ्यासक्रमात नसलेल्या विषयात सगळे पहिल्या वर्गात पास.

“पण नाना, खरं कळलं तर बेअरिंगं बदलतील. तुम्हाला यार्डात हलकं काम देतील.”

“डायवरले दिनं, तसंच ना?”

नानांनी बशी खाली ठेवली. “साहेब, घर मी बहिरा शे. पोरं बोलतस, नातवंडं हसतस, मी नुस्ता देखस. काय झायं, ते माले कोणी सांगत नही. आठे साचेखातामा कोणालेच ऐकू येत नही. आठे मी बहिरा नही.” मग सावकाश विचारलं, “तुम्ही काय लिखशात?”

काय लिहिणार, ते मला माहीत नव्हतं. खरं लिहिलं तर नाना त्या एकाच जागेतून बाहेर पडणार होते, जिथे लोक त्यांच्याशी बोलत. खोटं लिहिलं तर साच्यांवर नव्याने भरती झालेली पोरं आणखी काही वर्षांनी खांद्यांकडे बघायला शिकणार होती. मी शीर्षक तेवढं लिहिलं. ‘ध्वनिनियंत्रण व कर्णसंरक्षण उपक्रम : मूल्यमापन अहवाल’. त्याखाली कोरा कागद फार दिवस तसाच राहिला.

समारोपाच्या दिवशी पुन्हा मांडव, पुन्हा कर्णे. जळगावहून एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता, आणि नाशिकचा तंत्रज्ञही यंत्र घेऊन पुन्हा आला होता. चेअरमनसाहेबांनी स्वतःचे कान तपासून घ्यायचे आणि त्याचा फोटो छापून यायचा, असं ठरलं होतं. संचालक मंडळाच्या खोलीत गर्दी झाली. भिंतींना लागून संचालक, आणि दाराशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नवा सदरा घातलेले नाना.

फोटोग्राफरने डोळ्याला कॅमेरा लावला आणि मान हलवली. “साहेब, असं नाही जमणार. उजेड दाराकडून येतोय. खुर्ची फिरवा.” संचालकांनी खुर्ची चेअरमनसाहेबांसकट फिरवली. आता त्यांचं तोंड दाराकडे, पाठ तंत्रज्ञाकडे. काय होणार ते मला दिसत होतं. मी थांबवलं नाही. चाळीस वर्षं जीप, सभा आणि स्वतःचं भाषण यांच्या शेजारी काढलेले ते कान होते.

हेडफोन चढला. तंत्रज्ञाने बटन दाबलं. चेअरमनसाहेब फोटोसाठी हसत होते. बोट खालीच. पुन्हा दाबलं. हसू तसंच, बोट खालीच. एका संचालकाने घसा खाकरला. तंत्रज्ञाने शिट्टी मोठी केली असावी, कारण तो यंत्राच्या काट्याकडे वाकून बघायला लागला. फोटोग्राफर बोट वर व्हायची वाट बघत डोळा मिटून उभा. चेअरमनसाहेबांचं हसू हळूहळू नुसते दात होऊ लागलं. काहीतरी ऐकू यायला हवं आणि येत नाही, हे त्यांना कळलं होतं. एवढ्या माणसांत ते कबूल कसं करायचं, हे मात्र कळत नव्हतं.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या नानांनी छातीपाशी एक बोट वर केलं.

चेअरमनसाहेबांनी ते पाहिलं. क्षणभर त्यांना उमजलं नाही. तंत्रज्ञाचा खांदा पुन्हा हलला, नानांचं बोट पुन्हा वर, आणि या खेपेला त्यापाठोपाठ साहेबांचंही. कॅमेरा कडाडला. खांदा हलला, नाना, साहेब. खांदा हलला, नाना, साहेब. तंत्रज्ञ वर न बघताच म्हणाला, “उत्तम! सुरुवातीला साहेबांचं लक्ष नव्हतं बहुतेक.” संचालकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हेडफोन काढला आणि नानांकडे बराच वेळ बघत राहिले. नाना जमिनीकडे बघत होते.

मांडवात साहेबांचं भाषण मी लिहून दिलं होतं. त्यांनी ते खिशातून काढलंच नाही. नेहमीपेक्षा हळू आवाजात ते म्हणाले, “कान म्हणजे काही माणूस नाही. या गिरणीत कान गेले म्हणून कोणाचाही साचा जाणार नाही. मागे मी काही बोललो असेन तर ते रद्द समजा.” कचेरीतल्या लोकांना हे भाषण कळलं नाही, म्हणून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. साचेखात्याच्या लोकांत मात्र एकेक बोट वर होत गेलं.

मी तंत्रज्ञाला अजून एक दिवस ठेवून घेतलं आणि खुर्ची फोटोग्राफरने ठेवली होती तशीच राहू दिली. साचेखातं पुन्हा एकेक करून आलं, आणि तंत्रज्ञाचं भरताचं कौतुक दुपारपर्यंत ओसरलं. नानांनी हेडफोन लावला, बंद दाराकडे बघत हात मांडीवर ठेवले आणि ते शेवटपर्यंत उचलले नाहीत. उठताना मला म्हणाले, “आते लिखा.”

मी लिहिलं. संचालक मंडळाने अहवाल मोठ्या आदराने स्वीकारला आणि त्याचे दोन उपयोग केले. राज्य पातळीवरच्या सुरक्षा ढालीसाठी पहिल्या दिवसाचे कान पाठवले गेले, आणि बेअरिंगांच्या खरेदीसाठी दुसऱ्या दिवसाचे. ढाल पूर्ण आली, बेअरिंगं अर्धी. अर्ध्या साच्यांचा आवाज खरोखर उतरला. उरलेले पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

एकदा मी नानांना विचारलं, “त्यांना कशाला वाचवलं? नापास झाले असते तर त्यांचा नियम त्यांच्यावरच उलटला असता.”

“बठ्ठा देखी राहिन्थात,” नाना म्हणाले. “इतला लोकसमा माणूस बहिरा ठरना का त्याले कसं वाटस, ते माले माहीत शे.” मग मिशीत हसले. “आणि माले माहीत शे, हाई आते त्याले बी माहीत शे.”

पुढे चेअरमनसाहेब साचेखात्यात आले की लोक पोटावरून हात फिरवून एकमेकांना खबर देत. साहेब आधी नानांच्या साच्याशी जात आणि एक बोट वर करत. नाना सूत सांधत असले तरी मोकळ्या हाताचं बोट वर करत. बरोबरच्या पाहुण्यांना वाटे, साहेब म्हणताहेत, आपली गिरणी एक नंबर.