दोन कुलपांचा पासवर्ड

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा कम्प्युटर क्लास होता. दुकान मित्राच्या वडिलांचं, क्लास आम्हा दोघांचा. सगळ्या कम्प्युटरवर लिनक्स, आणि देखभाल म्हणजे नुसती वणवण. एक दुरुस्त करावा तोवर दुसरा रुसलेला. म्हणून मी एक नवी सोय आणली. कोपऱ्यातल्या मुख्य कम्प्युटरवर नियम लिहायचे. बाकीचे दर तासाला ते वाचणार, मुकाट्यानं तसे होणार आणि नियमांत नसेल ते आपोआप पुसणार. मला हे फार आवडलं.

पण त्या मुख्य कम्प्युटरचा पासवर्ड कुणाकडं? मित्राचे वडील म्हणाले, "भागीदारीत गोदामाला दोन कुलपं असतात. एक चावी याची, एक त्याची." झालं. अर्धा पासवर्ड मी टाकायचा, अर्धा त्यानं, आणि दुसऱ्यानं तेवढ्यापुरतं तोंड फिरवायचं. आम्हीच त्यावर खूप हसायचो.

संध्याकाळी इंटरनेटला येणाऱ्या पोरांसाठी मित्राला गेम हवे होते. मला नको होते. तो एकेका कम्प्युटरवर हातानं गेम बसवायचा आणि तासाभरात ते पुसले जायचे, कारण नियमांत ते नव्हते. त्याला वाटायचं, मीच मुद्दाम पुसतो. मी समजावलं, पण माझं समजावणं म्हणजे जखमेवर मीठ.

एका दुपारी भरल्या वर्गात तो माझ्या अंगावर आला.

"मी बसवून राह्यलो अन् तुझं भूत पुसून राह्यलंय! चल, नियम बदल. टाक तुझा अर्धा."

"न्हाई टाकत. दुकानदारी खाली कर जा."

शटर ओढायची सळई त्यानं माझ्या खांद्यावर हाणली. हात बधिर झाला. दुसऱ्या हातानं मी मुख्य कम्प्युटरचा कीबोर्ड उपटला आणि त्याच्या तोंडावर घातला. बटणं उडाली, त्यांत त्याचा एक दात. त्यानं माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, मी त्याच्या पोटात लाथ घातली. एक मॉनिटर खाली पडून फुटला. पोरी किंचाळत जिन्याकडं पळाल्या. काचांत लोळत आम्ही एकमेकांचे गळे आवळत होतो. आजही ते आठवलं की माझी मूठ वळते.

त्याच्या वडिलांनी वर येऊन दोघांच्याही कानाखाली वाजवली, तेव्हा कुठं आम्ही सुटलो. मित्र उठला. शेजारचा कीबोर्ड त्यानं मुख्य कम्प्युटरला जोडला आणि आपला अर्धा पासवर्ड एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकला. उरलेल्या वर्गानं तो ऐकला.

"घे. दोन्ही कुलपं तुझी." तो जिना उतरून गेला.

खरं सांगतो, मला पहिल्या दिवसापासून हेच हवं होतं. मिळालं तेव्हा मी कीबोर्डला हातही लावला नाही. मी तसाच रक्ताळलेला खाली धावलो. तो दुकानाच्या गादीवर बसला होता, ओठ सुजून वर आलेला. मला पाहून त्यानं एक तागा पुढं ओढला.

"या साहेब," तो म्हणाला, "काय दाखवू?"