अर्धा धुतलेला वीर

त्या दुपारी आम्ही नवराबायकोनं बांधावर बसून भाकरी खाल्ली, शेंगाची चटणी तिखट झाली म्हणून मी कुरकुरलो, आणि घराकडं निघालो. एवढंच. वाटेत पडक्या देवळापाशी ती रोजच्यासारखी तांब्या घेऊन वीराच्या दगडाकडं वळली.

तिला आमची सगळी आळी मैंदर्गीवाली म्हणायची. सीमेवरच्या त्या गावची, निम्मं कानडी बोलणारी. चिडली की सगळंच कानडी. सोलापूरच्या वेशीबाहेरच्या त्या देवळाकडं दुपारी बाराला कुणी फिरकत नसे. जुन्या लढाईत मेलेला एक जण तिथं पाणी मागतो, त्याला ओ दिली की माणूस अंथरुणाला लागतो, असं सगळे सांगायचे. ही बरोबर बारालाच जायची. म्हणायची, "पाणीच मागतोय की. सोनं मागतोय व्हय?"

दगडावर एकावर एक तीन चित्रं. खाली वीर लढतोय, मधे अप्सरा त्याला उचलून नेतायत, वर तो महादेवापुढं बसलाय. ती खालून वर धुवत जायची. "मधे सोडायचं न्हाय. सोडलं की तितंच लटकतो, आन् मग हाका मारतो." शेंदूर मात्र कुणाला लावू दिला नाही. "देव न्हाय त्यो, माणूस हाय. नाकडोळे बुजतील त्याचे."

दुष्काळात आम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. मुकादमाची नजर त्या दगडावर गेली. गडी पहार घेऊन आले, तर ही दगडाला पाठ लावून बसली. "एकदा मेलाय त्यो. परत कशाला मारता?"

मुकादम मला म्हणाला, "बायकोला आवर की."

"तुमीच आवरा. मला घरी जेवायचं हाय."

मुकादम हसला, म्हणून दगड वाचला.

मी भुताखेताला मानत नाही. त्या दुपारीही म्हणालो, "मेलेल्याचं तोंड धुऊन काय मिळतं गं तुला?"

"तुमी व्हा फुडं. आलेच."

विहिरीपर्यंत गेलो. हाक मारली. परत मारली. मागं आलो तर ती दगडाला टेकून बसलेली, तांब्या कलंडलेला. वाटलं, दमली. मी तिला रागावलोसुद्धा. "ऊठ की, ऊन किती हाय." खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. मेलेल्या बाईला मी रागावत होतो. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. असं कसं बंद पडतं? सकाळी तिनं सहा भाकरी थापल्या होत्या. दोन अजून टोपल्यात होत्या.

दिवस मावळायच्या आत आमच्या लिंगायत रीतीनं तिला बसती करून माती दिली. सगळे रडले. मला रडू आलं नाही. डोळ्यांपुढं सारखा तो दगड येत होता. खालचा वीर ओला, मधला ओला. वरचा कोरडा, धुळीनं भरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा तांब्या विहिरीवर भरला. बारा वाजायची वाट बघितली नाही. वरचा धुतला.