कोंबड्यांना घर कळतं तेव्हा

दिवेलागणीला माझ्या चार कोंबड्या चरणं थांबवतात आणि एकामागून एक खुराड्यात शिरतात. हुसकावावं लागत नाही. मी रोज हातातलं काम टाकून बघत उभा राहतो.

खरं तर मला काळीभोर कडकनाथ हवी होती. शेजारच्या अक्कांनी विचारलं, "पाळायचीय, का पाव्हण्यांना दाखवायचीय? गावठी घ्या. अंड्यांवर बसते, पिलं सांभाळते." घेतल्या. खुराडं मात्र मी माझ्या मनाचं बांधलं. जाळीच्या खिडक्या, बसायला आडवा दांडा, वर कौलं. एवढ्या थाटाच्या घरी कोण परतणार नाही, म्हणून दुसऱ्याच सकाळी दार उघडलं. संध्याकाळी चौघीजणी अक्कांच्या पेरूवर!

अक्का हसून म्हणाल्या, "अहो, आधी तीन-चार दिवस कोंडून ठेवायच्या. आतच दाणा, आतच पाणी. मग त्यांना घर कळतं."

तसंच केलं. पुन्हा सोडल्या त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. ऊन उतरलं आणि आल्या की बायाबापड्या!

नोकरीपायी मी अकरा गावं फिरलो. निवृत्तीनंतर इथं घर बांधलं, तरी कुणी विचारलं की सांगायचो, "मी इथला नाही."

काल अंगणात असताना लेकीचा फोन आला, "बाबा, या ना चार दिवस राहायला."

"अगं, येतो कसा? संध्याकाळी खुराड्याचं दार कोण लावणार?"

कुंपणापलीकडून अक्का म्हणाल्या, "कळलं एकदाचं घर!"