आपोआप सुरू होणारा पंप

आमच्या अण्णांना हळू बोलता येत नसे. अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी स्टँडवरच्या माईकसमोर गेली. लहानपणी वेळापूरच्या रानात या बांधावरून त्या बांधावर हाका मारून कमावलेला आवाज माईकनं आणखी पक्का केला. मला बघायला ते मंगळवेढ्याला आमच्या घरी आले, तेव्हा चहाची बशी खाली ठेवत त्यांनी “पोरगी पसंत हाय!” असं जाहीर केलं. शेजारच्या गिरणीत दळण टाकून बसलेल्या बायांनी तिथूनच आईला विचारलं, “मग साखरपुडा कधी?”

सोलापुरात आमच्या घरी आल्यावर कळलं, की तो काही त्या दिवसापुरता उत्साह नव्हता. दूधवाला आला, पेपर पडला, गॅसची गाडी वळणावर दिसली, प्रत्येक गोष्टीची घोषणा व्हायची. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. सकाळी मी पायात चप्पल घालायच्या आत “मीना निघाली शाळंला!” हे गल्लीला कळलेलं असे. भाजीत मीठ जास्त पडलं तर तेही कळत असे. सुरुवातीला मी लाजेनं अर्धी व्हायची. पुढं सवय झाली. एवढं मात्र खरं, की या माणसाच्या पोटात काही राहत नाही, याची एक प्रकारे निश्चिंती होती. रागावले तर गरजायचे आणि पाच मिनिटांनी त्याच आवाजात “चा टाक की गं” म्हणायचे.

त्यांची आणखी एक टेक होती. “आपलं धुणं आपण.” सासूबाई गेल्यापासून आपले कपडे, पांघरुणं ते खालच्या मजल्यावर आपल्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीत बसून धूत. मी एकदा त्यांचे सदरे मशीनमध्ये टाकले, तर सदरे गोल फिरताना बघून म्हणाले, “ही काय जत्रा लावलीय? कॉलर तशीच ऱ्हाती की.” तेव्हापासून मी त्यांच्या धुण्याला हात लावला नाही.

वर आम्ही एक खोली आणि न्हाणीघर बांधलं. गच्चीवरची टाकी वरच्या न्हाणीच्या अगदी डोक्यावर, त्यामुळे शॉवर सोडला की करंगळीएवढी धार यायची. सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सात रस्ता चौकातल्या दुकानातून प्रेशर पंप आणला. टाकीतून निघणाऱ्या पाइपवरच तो बसवला, म्हणजे सगळ्या घराचं पाणी त्याच्यातून जायचं. कुठलाही नळ उघडला की पंप आपोआप घरघरायला लागायचा, नळ बंद केला की थांबायचा. अण्णांनी आधी विरोध केला. “पाणी वरनं खाली येतंय. त्याला मागनं ढकलायला आनि पंप कशाला?” पण बसवल्यावर तो त्यांना भलताच आवडला. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. हौदात साठवायचं आणि पुरवून वापरायचं. आता कोण पाणी वापरतंय हे त्यांना खुर्चीत बसून कळायला लागलं. “पंप चालू हाय! कोन सोडून बसलंय नळ?” आम्ही दात घासताना नळ बंद करायला शिकलो ते या पंपामुळे आणि अण्णांमुळे.

मग त्या उन्हाळ्यात पंप बिघडला. मी शाळेतून दोनच्या सुमाराला घरी यायची, जेवून वरच्या खोलीत आडवी व्हायची. पंप नेमका त्या खोलीच्या छतावर. डोळा लागतोय तोवर घरघर सुरू. थोडा वेळ चालायचा, थांबायचा, पुन्हा सुरू. स्वयंपाकघरातले नळ बंद, वरचे बंद. खाली अण्णा त्यांच्या खोलीत झोपलेले, दार लावलेलं. मी सुधीरला सांगितलं, “पंप आपोआप चालतोय.”

सुधीरला असलं काम मिळालं की तहानभूक नाही. त्यानं माहिती काढली. कुणी नळ न उघडता पंप चालू होतो, म्हणजे पाइपातलं प्रेशर कुठंतरी उतरतंय. पाणी गळत असेल, नाहीतर ते उलटं टाकीकडं परत जाऊ नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह सैल झाला असेल, नाहीतर प्रेशर स्विच गेला असेल. त्यानं फ्लशच्या टाक्यांत हळद कालवून टाकली. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर गळती तिथं. काही उतरलं नाही. व्हॉल्व्ह उघडून बघितला, त्यात क्षाराचा थर होता, तो खरवडला. स्विच बदलला. दुपारी पंप चालायचा तो चालतच राहिला.

शेवटी रफीकभाई मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं आणि गच्चीच्या सावलीत पाणी पीत म्हणाले, “पंप अच्छा है भाभी. पानी कईं तो बी जारा.” त्यांनी सांगितलं, की एकेका न्हाणीची लाइन बंद ठेवून बघा. जी बंद केल्यावर पंप गप्प बसेल, त्या लाइनीत गळती.

या सगळ्या दिवसांत अण्णा काही बोलत नव्हते. मला तेव्हाच चमत्कारिक वाटायला हवं होतं. पंपाची खडान्‌खडा घोषणा करणारा माणूस, आणि मुलगा भर उन्हात गच्चीवर पंप खोलून बसलाय तर खाली पेपर तोंडासमोर धरून गप्प. सुधीरनं वरची लाइन बंद ठेवली, तरी पंप चालला. स्वयंपाकघराची बंद ठेवली, तरी चालला. मग तो अण्णांना म्हणाला, “अण्णा, आता तुमच्या न्हाणीची लाइन बंद करतो. दोन बादल्या भरून ठेवतो आंघोळीला.”

“माझ्या न्हाणीला काय झालंय?” अण्णा म्हणाले. “तितं काय गळत न्हाय.”

“अहो, बघायला नको का? गळत असेल तर भिंत फोडून पाइप बदलू.”

अण्णांनी पेपर घडी करून ठेवला आणि खोलीत निघून गेले. त्या दुपारी पंप चालला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. सुधीर खूश. खालच्या भिंतीतच गळती आहे हे ठरलं. रविवारी फरशा फोडायला या म्हणून त्यानं रफीकभाईंना फोन करून टाकला.

शनिवारी शाळेतून येताना आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्यानं रिक्षा आली. तिथं महादेवाचं लहान देऊळ आहे आणि बाहेर पाय धुवायला नळ. नळाखाली कुणीतरी म्हातारा उकिडवा बसून चादर धूत होता. चादरीवरचे मोर मला ओळखू आले, म्हणून मी पुन्हा वळून बघितलं. ते अण्णा होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर ऊन. शेजारी आमची बाजाराची पिशवी.

मी रिक्षा थांबवून उतरले. त्यांनी मला बघितलं आणि चादर पटकन पाण्याखाली ढकलली, जणू ती तिथं मावणार होती. आमची सोलापुरी चादर भिजली की एका माणसाला उचलत नाही. मला वास आला आणि सगळं एकदम कळलं. दुपारचा बंद दरवाजा, पंप, पेपर. मी चादरीचं एक टोक उचललं, दुसरं त्यांच्या हातात दिलं आणि पिळायला लागले. ते उलट्या बाजूला पिळत होते. दोन्हीकडून पाणी गळत राहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, मीही त्यांच्याकडे बघत नव्हते.

पिळून झाल्यावर त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, “झोपंत कळत न्हाय बग मला.” इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं. “कवापासनं?” मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली.

“लई दिस झालं. हितं कोन वळखीचं नसतं दुपारचं.” मग म्हणाले, “सुधीरला सांगू नगंस.”

“दवाखान्यात जाऊया अण्णा. औषध असतं त्याला.”

“सांगनार न्हाईस न्हवं?”

मी नाही म्हणाले. ओली चादर पिशवीत घालून आम्ही घरी आलो. मी ती गच्चीवर नेऊन दोरीवर टाकली. ऊन असं होतं, की चहा होईपर्यंत ती कडक झाली.

संध्याकाळी जेवताना सुधीर उद्याच्या कामाचंच बोलत होता. कुठल्या फरशा निघतील, नवा पाइप कुठून फिरवायचा. अण्णा समोर बसून भाकरी कुस्करत होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, “रफीकभाईंना येऊ नका म्हणून सांग. गळती नाहीये. मीच खालच्या न्हाणीत दुपारी फडकी-पायपुसणी धुते. पंपाचं माझ्या लक्षातच आलं नाही.”

खोटं बोलण्यात मी कधीच हुशार नव्हते. पण सुधीरला शंका आली नाही, कारण त्याला संताप आला होता. “लक्षात नाही आलं? मी रोज वर उन्हात मरतोय, स्विच बदलला, त्या रफीकभाईंना पळवलं, आणि तू म्हणतेस लक्षात नाही आलं? तूच सांगितलंस ना आपोआप चालतोय म्हणून? डोकं आहे का जागेवर?” त्यानं आणखीही बरंच सुनावलं. एरवी मला कुणी एक शब्द बोललेला अण्णांना चालत नसे. “पोरीच्या जातीवर आवाज चढवायचा न्हाय,” असं ते सुधीरला स्वतःच्या चढ्या आवाजात बजावत. त्या दिवशी त्यांनी ताटातली भाकरी संपवली, पाणी प्यायले आणि भिंतीला धरून खोलीत गेले.

रविवारी सकाळी सुधीर गच्चीवर खालच्या लाइनीचा व्हॉल्व्ह उघडत होता. अजून माझ्याशी बोलत नव्हता. मी वाळलेले कपडे काढत होते. जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. गुडघ्यांमुळे अण्णा वर येणं कधीच बंद झालं होतं. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत ते आले आणि टाकीच्या कट्ट्यावर बसले.

“मीना न्हवं त्ये,” ते म्हणाले. “मी हाय.”

“काय मी?” सुधीरनं विचारलं.

“नळ. दुपारचा. माझं हातरून...” ते थांबले. ज्या माणसाला शब्द कधी अडला नाही, तो सुधीरच्या हातातल्या पान्याकडं बघत बसला. मग म्हणाले, “हातरून भिजतंय माझं. त्ये धुतो मी. तिनं आपल्या अंगावर घेतलं. तू बोलत व्हतास तिला, आन् मी जेवत बसलो.”

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. सुधीरनं आधी तिकडं बघितलं, मग अण्णांकडं. “वर कशाला चढलात?” तो म्हणाला. त्यानं पाना खाली ठेवला, अण्णांच्या काखेत हात घातला आणि त्यांना एकेक पायरी उतरवत खाली नेलं. नंतर तो माझ्याजवळ आला. मला वाटलं कालचं काहीतरी बोलेल. पण तो म्हणाला, “मीना, मी त्यांचं पाणी तोडलं गं.” आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही.

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. नर्सनं दारातून विचारलं, “लघवीची तक्रार कुणाची?” अण्णांनी मान खाली घातली. सुधीर उठून उभा राहिला आणि म्हणाला, “आमची.” प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण पुष्कळ कमी झालं. अण्णा पुन्हा दूधवाल्याची घोषणा करायला लागले. पंपाबद्दल मात्र त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. मी समोरून गेले की दोन क्षण आवाज उतरायचा. मला ते बघवत नसे. मी मुद्दाम त्यांना काहीबाही विचारायची, भांडणही काढायची. ते पूर्वीसारखं भांडले नाहीत.

शेवटच्या आजारात ते अंथरुणाला खिळले. नर्स ठेवूया असं मी म्हणाले, तर सुधीरनं ऐकलं नाही. सकाळी आणि कामावरून आल्यावर तोच त्यांना पुसायचा, कपडे बदलायचा, चादरी धुवायचा. अण्णा तेवढा वेळ तोंड भिंतीकडं फिरवून पडून राहायचे. “लाज वाटती रं,” पुटपुटायचे. सुधीर पहिल्यांदा पहिल्यांदा “त्यात काय अण्णा” म्हणायचा. एकदा मी कोमट पाण्याचं भांडं घेऊन दाराशी आले, तेव्हा तो त्यांचे पाय पुसत म्हणत होता, “मलाबी वाटती अण्णा. तुमचं पाणी तोडलं, त्या दिवसाची. अजून वाटती.”

मी भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं सरले. अण्णांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. सुधीर त्यांचं अंग पुसत होता, कपडे बदलत होता, कूस बदलत होता, आणि ते त्याच्याकडं बघत राहिले.