हळदीच्या चित्रावरचं कुंकू

पोह्यांवर लिंबू पिळलं की हळदीत मिसळलेला तो आंबट वास येतो आणि पिंप्राळ्याच्या आमच्या घरामागची दुपार आठवते. सोनगीरजवळ माझ्या भावाला ट्रकनं उडवलं होतं, वहिनी धुळ्याच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी होती आणि त्यांच्या दोघी मुली माझ्याकडे. त्यांना गुंतवून ठेवायला मी बागेतली ओली हळद किसली, जास्वंद चुरगळली, कढीपत्ता वाटला. धाकटीनं हळदीनं कागदावर आईचा चेहरा रंगवला. गंमत दाखवायची म्हणून मी त्या कपाळावर चुन्याचं बोट टेकवलं, तर तिथं लालभडक कुंकू उमटलं आणि दोघी हसल्या. मग थोरलीनं झाडाचं लिंबू तोडून त्यावर पिळलं, लाल पुन्हा पिवळं झालं. "आत्या, आईचं कुंकू गेलं," धाकटी म्हणाली. मी परत चुना लावला, उमटेना. "थांब, येतं, येतं," म्हणत कागद फाटेपर्यंत बोट घासत राहिले. आत फोन वाजत होता, तो थोरलीनं आणून हातात दिला. भाऊ गेला होता. वहिनी अजून विचारते, इतकं फळणारं ते लिंबाचं झाड तुम्ही का तोडलंत. मी सांगते, कीड लागली होती.