चोरून सोडलेली दारू

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला राग येईल. चोरून दारू पिणारे तुम्ही ढीगभर बघितले असतील. मी चोरून सोडली! आणि पकडला गेलो!

चौथीत शाळा सुटली. मग सातिवलीच्या कारखान्यात पत्रे कापण्यात जन्म गेला, आणि संध्याकाळी बाटली. चाळीस वर्षं. अख्ख्या पापडी गावाला ठाऊक. शेवटी बायको म्हणाली, "अहो, आता एकदा जरी पिऊन आलात ना, मी विरारला मंगलकडे जाईन. परत यायची नाही." मंगल आमची लेक. आणि आमची ही बोलली की करते. हादरलो मी.

डॉक्टरकडे गेलो. त्यानं दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचे दोन पत्ते चिठ्ठीवर लिहून दिले. एक चर्चच्या हॉलात, घरापासून पाच मिनिटं. दुसरा पार रेल्वेच्या पलीकडं, एव्हरशाईनमधल्या एका शाळेत. मी कुठला धरला असेल? लांबचा! अहो, गावात पिण्याची लाज नाही. पिणारा तो गडी. मीटिंगला जाणारा म्हणजे रोगी. चर्चच्या हॉलात कोणी बघितलं असतं तर?

म्हणून दोन रिक्षा बदलून एव्हरशाईन. दार ढकललं, तर समोरच्या खुर्चीत कोण? बाबू! आमच्याच आळीतला, वीस वर्षं माझ्यासोबत प्यायलेला!

"तू इथं?"

"गुडघा दाखवायला आलो होतो," बाबू म्हणाला. "तू?"

"माझाही गुडघाच."

मग तासभर दोघं आपापला गुडघा धरून रडलो. निघताना बाबू म्हणतो, "कोनाला बोलू नको हां." तिथला नियमच तो. आतली नावं बाहेर काढायची नाहीत.

दर शनिवारी जायला लागलो. पण घरी काय सांगायचं? तोंडातून आपोआप जुनंच निघालं, "जरा पाय मोकळे करून येतो." परत येताना बाबू खिशातून वेलची काढायचा, दोन त्याला, दोन मला. प्यायलेलो नाही तर वेलची कशाला, असं तुम्ही विचाराल. मलाही आत्ता सुचतंय ते!

उंबऱ्यावर बायको नाक पुढं करून उभी.

"कुठं होतात?"

"इथंच."

"प्यालात?"

"एक थेंब नाही!"

आता हे वाक्य तिनं चाळीस वर्षं रोज ऐकलेलं. बाईनं काय समजावं?

तरी गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. पण मीटिंगमध्ये सांगितलं, ज्यांना दुखावलंत त्यांची माफी मागा. मी गाढव! त्याच संध्याकाळी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, तिच्यासमोर हात जोडून उभा राहिलो. "सुमन, लई वाईट वागलो गं. माफ कर मला." डोळ्यांतून पाणी.

तिनं पळी खाली ठेवली. "आज किती झाली?"

बरोबरच आहे तिचं! शुद्धीत मी कुणाच्या बापाची माफी मागितली नाही. माफी, रडणं, हात जोडणं, हे सगळं बाटलीनंतरच व्हायचं.

मग मी चिडून सगळं सांगून टाकलं. "अगं, मी मीटिंगला जातो! दारू सोडायच्या!"

"कुठं?"

"एव्हरशाईनला."

"पाच मिनिटांवर चर्चच्या हॉलात भरते, ती टाकून दोन रिक्षा करून तिकडं? बरं. सोबत कोण असतं?"

"नावं सांगायची नसतात."

"फार सोयीचं आहे हो," म्हणाली, आणि कपाटावरची बॅग काढली.

गेली.

बाबूला कळलं तेव्हा बिचारा स्वतःहून म्हणाला, "माझं नाव सांग. चल, मीच येतो, साक्ष देतो." विरारला गेलो. मंगलनं दार उघडलं. बाप आणि बाबू, शेजारी शेजारी! हिच्याच लग्नाच्या मांडवात आम्ही दोघं असेच आडवे पडलो होतो. बाबूनं खिशात हात घातला आणि तिच्यापुढं वेलची धरली.

दार लागलं. आत बायकोचा आवाज आला, "कोण गं?" मंगल म्हणाली, "कोणी नाही."

जिन्यात बसलो किती वेळ. चाळीस वर्षं प्यालो, बाई हलली नाही. तीन महिने सोडली, आणि घर रिकामं! आता प्यालो तरी वास घ्यायला घरात कोणी नाही. तरी नाही प्यालो. का, ते मला विचारू नका.

आता मी चर्चच्या हॉलातल्या मीटिंगला जातो. मुद्दाम खिडकीजवळची खुर्ची धरतो, रस्त्यावरून अख्ख्या गावाला दिसेल अशी. गटारात पडायचो तेव्हा पाच मिनिटांत बातमी घरी पोचायची. म्हटलं, बघा रे कोणीतरी, सांगा तिला!

परवा शेजारच्या माईंनी बघितलं. मी बोलायला उभा होतो, बायकोचं नाव घेतलं आणि रडू आवरेना. माईंनी लगेच विरारला फोन केला.

"अगो सुमन, तू गेलीस ते बरं केलंस. मेला आता देवळाची, चर्चची पण लाज धरत नाही. भरदिवसा हॉलात उभा राहून रडत होता. पुरती चढलेली होती!"