भरलं की जाऊ

लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात माजलगावच्या धरणावर जायचा बेत कानावर आला. "धरण भरलं की जाऊ," सासरे म्हणाले. मी नवी. मला वाटलं, पंधरा दिवसांत निघणार. एक ड्रेस इस्त्री करून बाजूलाही ठेवला. तो ड्रेस पुढे फरशी पुसायला गेला, तरी आम्ही घरातच होतो.

आमचं गाव गेवराईजवळ. पुढे किराणा दुकान, मागे घर. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. धरण बघायचं होतं ते आत्याबाईंना. त्यांचं माहेर टँकरच्या पाण्यावर जगणारं, आणि सासरी आल्यावरही डोक्यावरचा हंडा काही सुटला नाही. एकदा गहू निवडताना त्या मला म्हणाल्या होत्या, "नुसतं बसायचं गं पाण्यासमोर. भरायचं न्हाई, वाहायचं न्हाई, नुसतं बघायचं." मामांनाही त्यांना न्यायचं होतं, त्यात खोट नव्हती. पण अर्धवट गोष्ट दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "रिकामं धरण बघायला काहून पेट्रोल जाळायचं? रिकामा हंडा घरी बी दिसतो," असं ते म्हणत आणि आम्ही हसत असू.

बेत आखला जायचा दुपारी. दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसे. मामा तांदळाच्या पोत्यांना टेकून पाय पसरत, आत्याबाई उंबऱ्याशी बसत, पंखा कुरकुरत फिरे, गुळाचा वास आणि माश्या. मी मोबाईलवर धरणाचा साठा वाचून दाखवायची. मग कुणीतरी म्हणे, धपाटे करायचे का पुऱ्या? धपाटे दुसऱ्या दिवशीही टिकतात, पण आपण कुठं राहायला चाललोय? नवऱ्याला धरणावरचे तळलेले मासे खायचे होते, ते तो आमच्या शाकाहारी घरात फक्त माझ्या कानात बोलू शकत असे. पुढे आम्हाला लेक झाली, तिला होडी हवी होती. अर्ध्या झोपेत हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पाणी पसरायला लागे. तिथे कडुलिंबाची गर्द सावली असे, वारा असे, आणि आमच्यापैकी कुणालाही परत यायची घाई नसे. प्रत्यक्षात तिथे सावली आहे की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. शटरवर कुणी थाप मारून साबण मागितला, की मी पाय ओले असल्यासारखी दचकून उठायची.

पाऊस मात्र आमच्या बेताला विचारून पडत नव्हता. कधी धरणाच्या तळाशीच पाणी राहिलं. एका वर्षी अर्ध्यावर आलं. नवरा म्हणाला, "चला बरं आता." मामा म्हणाले, "अजून भरू दे." मीही त्यांचीच री ओढली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा तो बेतच इतका गोड लागत होता, की तो संपू नये असं वाटे.

त्यानंतर आत्याबाई चहा कपाबाहेर ओतायला लागल्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. मी चिडायची. "आत्याबाई, लक्ष कुठं असतं तुमचं?" त्या हसून फडकं घ्यायच्या. बीडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेनं जाते, मधली शेवटी उरते, आणि गेलेली परत येत नाही. औषधाचे थेंब घालून आहे ती सांभाळायची. माझं ते ओरडणं आठवून मला स्वतःचीच लाज वाटली. घरी आल्यावर मामा म्हणाले, "यंदा भरलं, की पहिल्याच दिवशी जायचं." माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की मामा, उद्याच जाऊ. पण सून म्हणून गप्प बसले. तसं इतर वेळी मी काही फार गप्प बसणारी नाही.

आणि मग धरण भरलं. पाऊस असा कोसळला, की सिंदफणा नदीचं पाणी शेतांत शिरलं. "भरलं!" म्हणून मी ओरडले आणि पुढची ओळ वाचली. दरवाजे उघडलेत, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं, धरणाकडं कुणी फिरकू नये. इतकी वर्षं आम्ही ज्या दिवसाची वाट बघितली, नेमका त्याच दिवशी तिकडचा रस्ता बंद. नवरा हसला. मामा हसले नाहीत. पुढं ओल्या तुरी, सडलेला कापूस, लोकांची धावपळ, यातच दिवाळी आली.

दिवाळीनंतर एका साध्या मंगळवारी मामांनी दुकानाला कुलूप लावलं. मी पहाटे उठून धपाटे केले. दही, ठेचा, एक प्लास्टिकची खुर्ची, सगळं भाड्याच्या जीपमध्ये. धरण काठोकाठ होतं. वारा होता, पाण्यावर ऊन हलत होतं, लांब एक होडी जागच्या जागी थांबल्यासारखी दिसत होती. मामांनी चारचौघांत आत्याबाईंचा हात धरला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

"दिसतंय का गं?"

आत्याबाईंनी मान एका टोकाकडून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. थोडं पाणी बघायचं, थांबायचं, मग पुढचं. दुसऱ्या टोकाला पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

"दिसतंय की. थोडं थोडं करून."

मामांचा चेहरा खुलला. "बघ, म्हणलं होतं ना, भरल्यावरच आणीन!"

आत्याबाई पाण्याकडंच बघत होत्या. आवाजात राग नव्हता.

"त्या वर्सी अर्धं आलतं न्हाई का, तवा आणायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "तवा मला ते सगळं दिसलं असतं."

मामा खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. माझ्या हातातला धपाट्यांचा डबा तसाच हातात राहिला.